रत्नागिरीत भाड्याचे घर: मांडवी की कुवारबाव?

सोलापुरातून नोकरीसाठी रत्नागिरीला जाणाऱ्या बेताच्या पगाराच्या माणसाने मांडवीकडच्या जुन्या वस्तीतील कौलारू खोली आणि रेल्वे स्थानकाच्या बाजूचे, कुवारबावचे स्लॅबचे घर या दोन्हींची तुलना केवळ भाड्यावर करू नये. मांडवीहून बाजार व कचेऱ्या जवळ असल्याने प्रवासखर्च वाचतो. मात्र वर्षाकाठी जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पावसाची सवय असलेल्या आपल्या मंडळींनी, जिथे ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो तिथे, कौलांची गळती, भिंतींची ओल आणि खाऱ्या हवेने गंजलेले गज पाहिल्याशिवाय अनामत रक्कम देऊ नये. शक्य असल्यास घर पावसाळ्यातच पाहावे. कुवारबावला ही चिंता कमी असते, पण नोकरी शहरात असेल तर रोजचा बस-रिक्षाचा खर्च भाड्यात मिळवावाच लागतो. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत काम असेल, तर माझ्या मते कुवारबावच बरे.

घर कोणतेही घेतले, तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे, हे भाडेकरूने आग्रहाने सांगावे.