ट्रॅक्टरचंच हायड्रॉलिक की पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) वेगळा पंप?

लाकूड फोडायचं मशीन घरी बनवताय तर आधी हे ठरवा. ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकला सिलिंडर जोडला तर खर्च कमी, पण स्पीड मार खातो. ४ इंची बोअर (आतला व्यास), २ फुटी स्ट्रोकच्या (दांड्याची धाव) सिलिंडरला साधारण ५ लिटर ऑइल लागतं, म्हणजे मिनिटाला २० लिटर मिळालं तर पुढे जायलाच १५ सेकंद. जोर दोन्हीकडे सारखाच हां, १५० बार दाबाला साधारण १२ टन. पीटीओवर पंप घेतला तर ५४० आरपीएम गिअर पंपाला कमी पडतात, मग स्पीड वाढवणारा गिअरबॉक्स, वेगळी टाकी, फिल्टर, खर्च वाढलाच. इथे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूच्या भट्टीपुरतं फोडायचं तर माझं मत पहिल्यालाच, लाकडं विकायचीत तर दुसरं. आणि काजूचं गाठीचं लाकूड ओलं असतानाच फोडा.