जुन्या गाडीत रिसीव्हर लपवून बसवायचाय? मॉड्युलेटर घ्यायचा की ऑक्सवाला ब्लूटूथ

आमच्या कॉलनीत दोघातिघांनी सेम प्रश्न विचारला, बाबांच्या वेळची गाडी आहे, डॅशबोर्ड कापायचा नाही, कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवायचा पण मोबाईलवरचा रेडिओ ऐकायचाय आणि बाहेरून काही दिसायला नको. गाडी रात्री रस्त्यावर उभी राहते ना, काचेतून काही चमकलं की काच गेलीच समजा.

सॅटेलाइट रेडिओचा नाद मात्र सोडा. तिकडे अमेरिकेत सिरियसएक्सएम आहे, पण त्याचं सिग्नल तिकडच्यासाठीच, भाच्याने आणलेला रिसीव्हर नागपुरात मुका राहणार. आपल्याकडे वर्ल्डस्पेस होतं, एशियास्टार सॅटेलाइटवरून यायचं, २००९ संपता संपता तेही बंद झालं, मला अजून त्याचं वाईट वाटतं.

आता पर्याय. लायटरमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर, म्हणजे मोबाईलचा आवाज एफएमच्या एखाद्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवरून स्टिरिओला पाठवणारा, स्वस्त आहे, पण तो दिसतो आणि आवाजात खरखर करतो. शहरात ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३ आणि विविध भारतीचं १००.६ इतकी स्टेशनं असताना मधली रिकामी जागा शोधावी लागते, आणि गावाबाहेर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं की तीच जागा भरलेली निघते. भाड्याच्या गाडीत ठीक आहे, आपल्या गाडीत नको.

खरी लढत बाकी दोघांत आहे. वायरवाला एफएम मॉड्युलेटर अँटेना आणि स्टिरिओच्या मध्ये बसतो, चालू केला की बाहेरची अँटेना तोडतो, म्हणून स्टेशनची भानगड नाही, आणि स्टिरिओला ऑक्स (बाहेरून आवाजाची वायर खोचायचं भोक) नसेल तरी चालतो. पण शेवटी आवाज एफएममधूनच येतो, वरचे बारीक सूर कापले जातात, गाण्यातले झांजा-घुंगरू जरा दबतात. ऑक्सला जोडलेला ब्लूटूथ रिसीव्हर या बाबतीत सरळ पुढे आहे, आणि काडेपेटीएवढा असतो, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे कुठेही मावतो. फक्त लोखंडी पट्टीच्या आड ठेवू नका, ब्लूटूथ अडतं.

त्याची एक खोड आहे, पॉवर आणि ऑक्सची अर्थिंग एकाच गाडीतून आली की रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी येते, ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते. माझ्या गाडीत वर्धा रोडवर अर्धा तास हेच ऐकत गेलो, डोकं उठलं. मग ऑक्सच्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाकला, छोटासा डब्बा असतो, शिट्टी गायब.

स्टिरिओला ऑक्स असेल तर डोळे झाकून ब्लूटूथ, नसेल तरच मॉड्युलेटर, माझं तर हेच मत आहे.

बसवताना डबल टेपवर भरवसा ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात डॅशबोर्डच्या आत काय तापतं ते तुम्हाला माहीत आहे, माझी टेप पातळ होऊन रिसीव्हर वायरला लटकत खडखड वाजत होता. झिप टायने आतल्या ब्रॅकेटला बांधा आणि खाली थोडा फोम लावा. काचेच्या बाजूच्या खांबात एअरबॅग असेल तर तिथून वायर नेऊच नका. आणि इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा की पॉवर चावीवर चालू होणाऱ्या फ्यूजमधून घे, कायम चालू राहणाऱ्या वायरवर जोडला तर बरेच दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसते, तेव्हा धक्का मारायला शेजारीच बोलवावे लागतात.