ख्रिसमस ट्रीच्या ढलप्या: जानेवारी ते ऑक्टोबर वापरून झाल्यावर

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते. मातीवर अंथरायला या ढलप्या रस्त्याकडेच्या झाडाच्या आळ्यासाठी उत्तम, मोठ्या झुडपांसाठी चांगलं, कुंड्यांसाठी बेताचं, आणि जिथे बी पेरायचं आहे तिथे अजिबात नको. किंमत शून्य. आता सविस्तर.

आम्ही न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये राहतो. घरापुढे चिमूटभर अंगण आणि फुटपाथवर हनीलोकस्टचं एक तरुण झाड. घरात नाताळ साजरा होतो तो मुलांमुळे. दिवाळीचा कंदील उतरला की ‘झाड कधी आणायचं?’ सुरू होतं. झाड खरंच आणतो, प्लास्टिकचं नाही. थँक्सगिव्हिंगनंतर इथल्या फुटपाथांवर फ्रेझर फर आणि बाल्सम फरच्या रांगा लागतात. फ्रेझर बहुतेक नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांतून येतात, आणि विकायला क्वेबेकहून आलेली मुलं महिनाभर गाडीतच झोपून धंदा करतात. एरवी या शहरात फुटपाथवर काही मांडायचं म्हणजे परवान्यांचा डोंगर, पण सूचिपर्णी झाडांना डिसेंबरमध्ये सूट आहे आणि ती १९३८ पासूनची आहे. ज्याच्या दारापुढे विकायचं त्या मालकाची संमती मिळाली की झालं. मला हा नियम फार आवडतो.

प्रश्न येतो जानेवारीत. तोवर झाडाने पाणी पिणं सोडलेलं असतं, सोफ्याखाली सुया साचलेल्या असतात, आणि सुकलेलं फर घरात ठेवणं हा आगीशी खेळ आहे. ते तोडून शेकोटीत घालावं असं सुचवणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. राळेमुळे ते भडकन पेटतं आणि धुराड्यात काजळी चढते ती वेगळीच.

इथे दोन सरळ मार्ग आहेत. एक, झाड फुटपाथच्या कडेला ठेवून द्यायचं. जानेवारीच्या सुरुवातीला स्वच्छता खात्याची गाडी ते वेगळं उचलते आणि त्याचं खत होतं. अट एवढीच की दिवे, दागिने, स्टँड, जाळी सगळं काढलेलं हवं आणि झाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं नको. दुसरा, मल्चफेस्ट (मल्च म्हणजे मातीवर अंथरायचं आच्छादन). नाताळ संपला की शहरातल्या बऱ्याच बागांमध्ये झाडं जमा करायला जागा आखून देतात, आणि शेवटच्या शनिवार-रविवारी काही बागांत प्रत्यक्ष यंत्र लावतात. आपलं झाड आपल्या डोळ्यांदेखत यंत्रात जातं आणि ढलप्या होऊन बाहेर पडतं. त्यातली पिशवीभर घरी नेता येते. आपल्याच झाडाच्या ढलप्या मिळतील असं मात्र नाही, सगळ्यांचा एकच ढीग असतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे वाद होतो.

गर्दी, कुत्री, कॉफी, यंत्राचा कान फाटेल असा आवाज, आणि त्या सगळ्यावर राळेचा ओला, हिरवा वास. मुलं खूश होतात. पण अनुभव लिहायला बसले आहे तो त्या सकाळचा नाही, पुढच्या नऊ-दहा महिन्यांचा.

आणल्या आणल्या ढलप्या हिरव्या असतात, सुया आणि बारीक फांद्या मिसळलेल्या. दुकानातल्या रंगवलेल्या मल्चसारखा एकसारखा तुकडा मिळणार नाही. कुठे बोटभर लांब काडी, कुठे नुसता चुरा. मला हे चाललं, उलट बरंच झालं, कारण असा मिश्र थर एकमेकांत अडकून बसतो आणि पावसाने वाहून जात नाही. वास मात्र घरात आठवडाभर घमघमतो आणि बाहेर टाकल्यावर पहिल्या पावसात जातो. फेब्रुवारी संपेपर्यंत रंग तपकिरी, उन्हाळ्यात राखाडी. दिसण्यासाठी घेणार असाल तर निराश व्हाल.

हनीलोकस्टच्या आळ्यात थर दिला तो साधारण तीन इंचांचा. खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडली. हे फार महत्त्वाचं आहे आणि इथे निम्मे लोक हे करत नाहीत. खोडाभोवती शंकूसारखा ढीग रचतात, दिसायला नीटनेटका. त्याने साल कायम ओली राहते, कुजते, आणि मुळं वर चढून खोडाला विळखा घालतात. तर असा डोंगर करू नका, मध्ये खळगा ठेवा. आळं खुरपायला, ढलप्या टाकायला, पाणी घालायला शहराची परवानगी लागत नाही. फांदी छाटायची असेल तर लागते.

फरक जाणवला मे महिन्यापासून. आदल्या वर्षी त्याच आळ्यात तण इतकं होतं की उपटून उपटून बोटं सोलवटली. यंदा चार-दोन चुकार काड्या, त्याही ओढल्या की मुळासकट हातात. तरुण झाडाला मे ते ऑक्टोबर आठवड्याला १५ ते २० गॅलन, म्हणजे ७५ लिटरपर्यंत पाणी द्यावं असं इथे सांगतात. ते मी देतेच, पण यंदा तीन दिवसांनी ढलप्या बाजूला सारून बोट घातलं तरी माती गार आणि ओली लागायची. पूर्वी दुसऱ्याच दिवशी भेगा. जूनअखेरच्या उष्णतेच्या लाटेत समोरच्या उघड्या आळ्यातल्या झाडाची पानं कडेने करपली, आमच्याचं तसं झालं नाही. एका झाडावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मान्य.

उन्हाळ्यात आई कोल्हापूरहून आली होती. तिने खाली वाकून ढलप्या मुठीत घेतल्या, खालची माती चिमटीत चोळली आणि म्हणाली, “अगं, खोडव्यात आपण पाचट ठेवतो तसंच की हे. एवढं काय कौतुक?” वर विचारलं, “मग वरनं युरिया टाकलास का नाही?” प्रश्न अगदी नेमका होता. उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर शेतात उरलेला वाळका पाला, कुजताना जिवाणू नत्र ओढतात, म्हणून शेतकरी त्यावर युरिया भुरभुरतात. लाकडाच्या ढलप्यांतही कार्बन भरपूर, नत्र नाममात्र. पण त्या मातीत मिसळल्या नाहीत, नुसत्या वर अंथरल्या, तर नत्राची ओढाताण फक्त वरच्या पातळ थरात होते. झाडाची बहुतेक मुळं त्या थराच्या खाली असतात, त्यांना फरक पडत नाही. आईला हे पटलं, तरी “मूठभर टाकलास तर काय बिघडतंय” हे वर आलंच.

याच कारणामुळे कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात ढलप्या नकोत. तिथे मुळं वरच्याच थरात असतात, आणि तीन इंचांखालून कोथिंबीर डोकं वर काढत नाही. मी मुद्दाम अर्धा वाफा झाकून आणि अर्धा उघडा ठेवून पाहिला. उघड्या अर्ध्यात जुडीभर आली, झाकलेल्यात काही म्हणता काही नाही. टोमॅटोची रोपं वीतभर मोठी झाल्यावर त्यांच्या भोवती टाकल्या, तिथे छान चाललं.

तुळशीच्या कुंडीवर टाकल्या आणि पंधरवड्यात काढल्या. घरातल्या कुंडीतली माती एरवीही लवकर वाळत नाही, त्यात वरून झाकण. चिलटं झाली. तुळशीला मोकळी, हवा लागणारी माती हवी, तिला हे सोसत नाही. बाहेरच्या मोठ्या कुंडीतल्या हायड्रेंजियाने मात्र तक्रार केली नाही.

“फरच्या सुयांनी माती आंबट होते, झाडं मरतात” हे शेजारच्या काकूंपासून आणखी किती जणांनी ऐकवलं असेल. ताज्या सुया आम्लधर्मी असतात हे खरं. पण कुजताना मातीतले जीव ते आम्ल निवळून टाकतात आणि खालच्या मातीवर फारसा परिणाम होत नाही. याच समजुतीपोटी कुणी ब्लूबेरीला आंबट माती मिळावी म्हणून ढलप्या नेत असेल, तर तेही काम होणार नाही.

जुलैत एका दमट सकाळी आळ्यात पिवळाधमक, फेसाळ गोळा दिसला. कुणीतरी ओकून गेलंय असंच वाटतं, आणि इंग्रजीत त्याला नावही कुत्र्याच्या ओकारीवरूनच पडलंय. तो स्लाइम मोल्ड. कुजत्या लाकडावरचे जिवाणू खातो, झाडाला काही करत नाही, दोन-चार दिवसांत वाळून पावडर होतो. फवारे मारू नका. दिसायला नको असेल तर फावड्याने उचलून टाका.

आता एक हिशोब, कारण ‘प्लास्टिकचं झाड एकदाच घेतलं की झालं’ असं प्रत्येक पार्टीत कुणीतरी म्हणतंच. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे दोन मीटरच्या खऱ्या झाडाचा भार कचराडेपोत गाडल्यास १६ किलो कार्बन डायऑक्साइडइतका, कारण तिथे हवेविना कुजून मिथेन निघतो. तेच झाड जाळलं किंवा त्याच्या ढलप्या केल्या तर साडेतीन किलोच्या आसपास. प्लास्टिकचं ४० किलो. म्हणजे प्लास्टिकचं दहा-बारा वर्षं वापरलंत तर बरोबरी. आमच्या ओळखीत दहा वर्षं टिकलेलं प्लास्टिकचं झाड एकाच घरात आहे, आणि त्याला आता झाड म्हणवत नाही.

ढलप्या हाच एक मार्ग आहे असं नाही, आणि जिथली गरज वेगळी तिथली रीत वेगळी. इंग्लंडात लँकाशरच्या किनाऱ्यावर जुनी झाडं वाळूत अर्धी पुरतात, ती उडती वाळू अडवतात आणि टेकड्या वाढतात. न्यू ऑर्लिन्सजवळच्या दलदलीत झाडांच्या मोळ्या हेलिकॉप्टरने टाकतात, लाटांचा जोर मोडून गाळ बसावा म्हणून. जर्मनीत गावोगावची अग्निशमन दलाची पोरं दारोदार फिरून झाडं गोळा करतात आणि चार पैसे देणगी घेतात. स्वीडनमध्ये १३ जानेवारीला, क्नूटच्या दिवशी, मुलं झाडाभोवती नाचून त्यावरचा खाऊ फस्त करतात आणि मग झाड बाहेर. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींना झाडं खायला मिळतात, पण फक्त न विकलेली, कारण घरातल्या झाडात चमकी-तारा अडकलेल्या असू शकतात. आपल्या शहरातलं रॉकफेलर सेंटरचं अवाढव्य झाड २००७ पासून चिरून त्याच्या फळ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेला घरबांधणीसाठी देतात. तेवढं मोठं झाड असेल तर फळ्याच कराव्यात.

ऑक्टोबरात आळ्यातला थर तीन इंचांवरून एकावर आला आहे. तळाशी काळी भुसभुशीत माती, उकरलं की गांडुळं. म्हणजे एका पिशवीत एका आळ्याचा एक हंगाम निघतो, अंगणासाठी आणखी हवं. जाणार असाल तर घरून दोन जाड पिशव्या, हातमोजे आणि ढकलगाडी न्या, कारण ओल्या ढलप्या दिसतात त्यापेक्षा जड असतात. झाड नेताना जुन्या चादरीत गुंडाळा, नाहीतर गाडीत एप्रिलपर्यंत सुया सापडतात. यंत्र कुठल्या बागेत आणि नुसती जमा करायची जागा कुठे, हे डिसेंबरअखेर यादीत बघून घ्या. ढलप्या फक्त यंत्र असलेल्या ठिकाणीच मिळतात. पाचपैकी चार तारे, आणि तो एक तारा कापला आहे कुंड्यांसाठी.