आठ महिन्यांनंतर: रिसॉर्टचे स्टार्टर चांगले आहेत, फक्त झाकण काढायला लावा

गेल्या रविवारी बिलावरून वाद झाला आणि बोंबील पुन्हा मऊ आले, म्हणून आज लिहायला बसलेच. थीम पार्कच्या रिसॉर्टमधल्या रेस्टॉरंटचं मेंबरशिप कार्ड नोव्हेंबरात घेतलं, तेव्हापासून आमच्या आठ फेऱ्या झाल्या. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही. मुलुंडहून गाडीने दीड-दोन तास लागतात, एवढं पुरे. राइड, पूल, खोल्या यांवर भरपूर लिहिलं गेलंय. मी फक्त स्टार्टरवर लिहिणार, कारण आम्ही तिथे पूर्ण जेवतच नाही. दुपारी पाण्यातून बाहेर आलं की मुलांना भूक लागते ती गरम, तळलेल्या गोष्टीची. चौघांत तीन-चार स्टार्टर घ्यायचे आणि रात्री घरी येऊन वरणभात लावायचा.

पहिल्याच फेरीत बोंबील फ्राय मागवला. चार बोंबील, ५४५ रुपये. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला जीएसटी १८ टक्के लागतो. कार्डाची सूट सोडली तर एक बोंबील साधारण १६० रुपयांना पडतो. माझं माहेर वसईचं. एवढ्या पैशांत बाजारातून किती बोंबील येतात ते मला ठाऊक आहे, पण बाहेर जायचं तर जास्त मोजायची तयारी असते. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. काटा लावला तर रव्याचं आवरण सालीसारखं सरकून ताटात पडलं. आत मासा ताजा, मसाला व्यवस्थित, मीठ बरोबर, आणि वरून सगळं ओलं.

बोंबलात मुळातच पाणी फार. म्हणून आई तो साफ करून, मधून चिरून, मधला काटा काढून दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवायची, वर वरवंटा. तासाभराने खाली पाण्याचं थारोळं. ते पाणी नीट गेलं नाही तर तव्यावर कितीही वेळ ठेवा, मऊच राहणार. मी गृहीत धरलं की इथे बोंबील दाबतच नाहीत. डिसेंबरातही तेच झालं, शिवाय या वेळी क्रिस्पी कॉर्नही गिळगिळीत. मग तेलावर संशय घेतला. तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरता येत नाही, असा खाद्यसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. मी वेटरांच्या कॅप्टनना थेट विचारलं. त्यांनी मोजायचं यंत्रच आणून दाखवलं, आकडा मर्यादेच्या बराच आत होता. तिथे मी चुकले होते, हे मान्य करते.

जानेवारीत उलगडा झाला. आमचं टेबल किचनच्या दाराजवळ होतं. बोंबील ताटलीत आले, वेटरने त्यावर स्टीलचं घुमटासारखं झाकण ठेवलं आणि ताटली बाजूच्या काउंटरवर ठेवून तो दुसऱ्या टेबलाची ऑर्डर घ्यायला गेला. मी घड्याळ बघत होते, पुरी सहा मिनिटं. मग टेबलावर येऊन त्याने झटक्यात झाकण उचललं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला झाकणाची आतली बाजू दिसली. पाण्याचे थेंब ओघळून कडेला जमले होते. दोन थेंब माझ्यासमोर बोंबलावर पडले आणि तिथला रवा क्षणात गडद झाला.

तळलेला पदार्थ तेलातून निघाला तरी आतलं पाणी काही मिनिटं वाफ होऊन बाहेर पडतच असतं. ती वाफ मोकळी गेली तर आवरण कुरकुरीत राहतं. वर थंड स्टील आलं तर तिथेच तिचं पाणी होतं. घरी भजी डब्यात भरली की काय होतं ते प्रत्येकाला माहीत आहे. दोन महिने मी त्या आचाऱ्याला मनात दोष देत होते, तो अगदीच बिनदोष निघाला. मी किचनच्या दाराशी जाऊन त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडून कुरकुरीतच जातं. पुढचं आमच्या हातात नाही." त्यांच्याकडे बोंबील रात्रभर जड ट्रेखाली दाबलेले असतात, हेही कळलं.

फेब्रुवारीपासून ऑर्डर देतानाच सांगायला लागले: झाकण नको, झालं की लगेच आणा. आणि खरंच सांगते, माहेराबाहेर इतका चांगला बोंबील मी खाल्लेला नाही. कड मोडताना आवाज येतो, आत लोण्यासारखा. एप्रिलमध्ये तर मी काही बोलायच्या आत वेटरने विचारलं, "ताई, झाकण नको ना?" त्या एका वाक्याने कार्डाचे निम्मे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. मे महिन्याच्या सुट्टीत गर्दी असूनही त्याने लक्षात ठेवलं.

बाकीचे स्टार्टर थोडक्यात. कोथिंबीर वडी उत्तम, तीळ सढळ हाताने, ३२५ रुपयांत आठ वड्या, त्यामुळे हिशेबात हीच सगळ्यात परवडते. पनीर टिक्का ठीक; त्याला झाकणाचा त्रास होत नाही. चिकन लॉलीपॉप मुलांना आवडतं, मला लाल रंग जास्त वाटतो. मोमो घेऊ नका.

चटणीबद्दल मात्र तक्रार आहे. हिरवी चटणी एक वाटी, तीही चमचाभर. दुसरी मागितली तर ४० रुपये. २०२३ मध्ये आम्ही दिराकडे फ्लोरिडाला गेलो होतो तेव्हा डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या सना रेस्टॉरंटमध्ये त्यांची ब्रेड सर्व्हिस घेतली होती. पार्कचं तिकीट न काढताही तिथे जेवता येतं. नान, कुलचा, पनीर पराठा असे पाच प्रकार आणि सोबत नऊ वाट्या: चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं, काकडीची कोशिंबीर. खिडकीबाहेर जिराफ फिरतायत आणि सासूबाई चिंचेच्या चटणीत नान बुडवून खातायत, हे मी विसरणार नाही. लोक तिथे त्या एका स्टार्टरसाठी जातात. आपल्याकडे तर प्रत्येक गावाची चटणी वेगळी. इथे तीन वाट्या दिल्या तर कुणाचं काय बिघडेल?

जूनमध्ये मासे घेतले नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, त्या काळात हॉटेलात बर्फातला माल येण्याची शक्यता जास्त. गेल्या रविवारी नणंद सोबत होती आणि तिने हट्ट धरला म्हणून मागवला. ओळखीचा वेटर सुट्टीवर, नवीन मुलाला मी दोनदा सांगितलं, तरी बोंबील झाकणाखालीच आले. परत पाठवले. दुसरी ताटली चांगली आली, पण वीस मिनिटांनी.

मग बिल. सूट वजा जाऊन खाणं ३,१४० रुपयांचं, त्यावर १० टक्के सेवाशुल्क आपोआप लावलेलं. कर धरून ३७० रुपये. असं शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते उचलून धरलंय. मॅनेजर "सगळेच देतात" म्हणत राहिले. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचं नाव काढलं तेव्हा बिल बदलून आलं. आधीच्या सात बिलांत हे शुल्क नव्हतं, म्हणून जास्त राग आला. वेटरला शंभर रुपये मी हातात दिले, तो मुलगा नवीन आहे, शिकेल.

कार्डाचा हिशेब: किंमत ६,०००, खाण्यावर २० टक्के सूट. आठ फेऱ्यांत मेनूच्या दराने २१,४०० रुपयांचं खाल्लं, म्हणजे ४,२८० वाचले. पूर्ण वसूल व्हायला अजून ८,६०० रुपयांचं खावं लागेल, मुदत नोव्हेंबरपर्यंत. आम्ही सप्टेंबरात आणि दिवाळीच्या सुट्टीत जाणार आहोत, तेव्हा ताजे बोंबील मिळतील. कार्ड पुन्हा घ्यायचं की नाही ते सेवाशुल्क परत दिसतं का, यावर ठरेल. तुम्ही जाणार असाल तर किचनच्या दाराजवळचं टेबल मागा, कोथिंबीर वडी आणि बोंबील सांगा, आणि ऑर्डर लिहून घेणाऱ्याच्या वहीत "झाकण नको" हे शब्द उमटलेले स्वतः बघा.