नावात संत्रं असलेली सहा पुस्तकं: आधी कोणतं वाचावं?

आमच्या वाचनगटाने दोन वर्षांपूर्वी एक नियम केला. बाजारात संत्री आहेत तोवर नावात संत्रं असलेलीच पुस्तकं वाचायची. नागपुरात राहणाऱ्यांसाठी हा हंगाम चांगला लांब असतो. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री येतात, आणि ती सरता सरता मृग बहाराची सुरू होतात. त्या काळात आम्ही सात जणांनी सहा पुस्तकं आणि एक कथा वाचली, सगळी इंग्रजीतून. एका पुस्तकावर दोघांचं मत जुळलं असं फारसं झालं नाही. तेव्हापासून ओळखीतली माणसं विचारतात, ‘एकच घ्यायचं तर कोणतं घेऊ?’ एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी विचारणा होते ती ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ची. अँथनी बर्जेसची 1962 सालची कादंबरी. स्टॅनली क्युब्रिकच्या 1971 च्या चित्रपटामुळे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. संत्र्याच्या ओढीने हे पुस्तक घेऊ नका. त्यात संत्रं जवळजवळ नाहीच. आतला एक लेखक ह्याच नावाचं हस्तलिखित लिहीत असतो, तेवढाच संबंध. बर्जेस सांगायचा की हा लंडनच्या बोलीतला वाक्प्रचार आहे. वरून रसाळ, जिवंत, आणि आत चावीचं यंत्र. पंधरा वर्षांचा ॲलेक्स टोळी घेऊन रात्री लोकांना मारतो, लुटतो, बलात्कार करतो. पुढे सरकार त्याच्यावर उपचार करतं आणि त्याला वाईट वागणं शरीरानेच अशक्य करून टाकतं. ज्याला वाईट वागताच येत नाही त्याला चांगला म्हणायचं का, हा बर्जेसचा प्रश्न.

आमच्यातल्या चौघांनी ते अर्ध्यावर सोडलं. दोघांनी हिंसेमुळे, दोघांनी भाषेमुळे. हिंसेबद्दल मी कोणाला समजवायला जाणार नाही. ती नको असेल तर पुस्तक घेऊच नका. भाषेचं मात्र ऐका. ॲलेक्सची बोली बर्जेसने रशियन शब्दांवरून घडवली आहे. मित्र म्हणजे द्रूग, दूध म्हणजे मोलोको. रशियन ‘खरशो’, म्हणजे छान, त्याच्या तोंडी ‘हॉररशो’ होतं. पहिल्या दोन प्रकरणांत डोकं गरगरतं. अर्थ शोधत बसू नका, मोठ्याने वाचा. तिसऱ्या प्रकरणापर्यंत शब्द आपोआप कळायला लागतात, मूल भाषा शिकतं तसे. आणि घेताना एक गोष्ट नक्की तपासा: प्रकरणं 21 आहेत का. तीन भाग, प्रत्येकी सात प्रकरणं. अमेरिकेत पहिल्यापासून 1986 पर्यंत शेवटचं प्रकरण गाळूनच पुस्तक निघायचं, आणि चित्रपटही त्याच आवृत्तीवर बेतलेला आहे. त्या शेवटच्या प्रकरणात ॲलेक्स मोठा व्हायला लागतो. ते नसेल तर पुस्तक वेगळंच काहीतरी सांगतं. वीस प्रकरणांची जुनी प्रत स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

आता त्या दोन पुस्तकांकडे येते, ज्यांच्यावरून आमच्याकडे खरी भांडणं झाली. दोन्हींत एक कठोर आई आहे, एक मुलगी आहे आणि मध्ये संत्रं आहे.

जेनेट विंटरसनचं ‘ऑरेंजेस आर नॉट दि ओन्ली फ्रूट’ 1985 चं. तेव्हा ती पंचविशीत होती, आणि ह्या पहिल्याच पुस्तकाला पहिल्या कादंबरीचं व्हिटब्रेड पारितोषिक मिळालं. उत्तर इंग्लंडमधलं लँकशायर, कष्टकरी वस्ती, आणि दत्तक मुलीला धर्मप्रचारक करायचंच असं ठरवून बसलेली आई. आईकडे प्रत्येक अडचणीवर एकच फळ. मुलीला ऐकू येईनासं होतं तेव्हा चर्चमधल्या लोकांना वाटतं, तिच्यात पवित्र आत्मा संचारलाय. खरं कळून ती दवाखान्यात जाते, तर आई चर्चच्या कामात. स्वतः येता आलं नाही की वडिलांच्या हाती पत्र आणि दोन संत्री पाठवते. आईच्या मते फळ म्हणजे संत्रंच, दुसरं फळ नाही. तसंच जगही एकच, त्यात आपले आणि शत्रू. मुलगी दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडते तेव्हा त्या जगात तिला जागा उरत नाही.

ह्या पुस्तकात आई हास्यास्पद नाही. ती विनोदी आहे, प्रचंड ताकदीची आहे, आणि लेखिकेने तिच्यावर सूड उगवलेला नाही. आमच्यातल्या एकीने, जिची आई अशाच निष्ठेची, फक्त वेगळ्या संप्रदायातली, सांगितलं की हे वाचताना तिला पहिल्यांदा आईचा राग न येता कीव आली. उलट दुसऱ्या एकाला मध्येमध्ये येणाऱ्या राजकन्या, जादूगार आणि सर पर्सिव्हलच्या गोष्टींनी वैताग आणला. त्याची तक्रार मला समजते. प्रकरणांची नावंही बायबलच्या पहिल्या आठ पुस्तकांवरून आहेत, उत्पत्तीपासून रूथपर्यंत. ज्याला ती ओळखीची नाहीत त्याच्या हातून थोडं निसटतं. पण अडत नाही. त्या परीकथा मुलीला जे सरळ सांगता येत नाही ते सांगतात, असं धरून वाचलं की बसतात.

जोअन हॅरिसच्या ‘फाइव्ह क्वार्टर्स ऑफ दि ऑरेंज’मध्ये (2001) उलटं आहे. इथल्या आईला संत्र्याचा वास सोसत नाही. फ्रान्समधलं लुआर नदीकाठचं खेडं, जर्मनांच्या ताब्यातला काळ. आई विधवा, बागा सांभाळणारी, आणि तिला अर्धशिशीचे भयंकर झटके येतात. झटक्याआधी तिला संत्र्याचा वास यायला लागतो. तिची नऊ वर्षांची धाकटी मुलगी, फ्रांबुआझ, हे हेरते. एक संत्रं मिळवते, त्याची साल घरात लपवून ठेवते. आईला वाटतं झटका येणार, ती औषध घेऊन अंधाऱ्या खोलीत पडते, आणि मुलं मोकळी सुटतात, एका जर्मन सैनिकाला भेटायला. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. नऊ वर्षांच्या पोरीने आईचं दुखणंच हत्यार म्हणून वापरलं, आणि लेखिका ते आवाज न चढवता, स्वयंपाकाची कृती सांगावी तसं सांगते.

म्हातारपणी फ्रांबुआझ नाव बदलून त्याच गावात परत येते आणि छोटं खाद्यगृह चालवते. आईने मरताना भावाला शेत दिलं, बहिणीला दारूचं तळघर, आणि हिला फक्त पाककृतींची वही. कृतींच्या मध्येमध्ये आईने सांकेतिक भाषेत स्वतःबद्दल लिहून ठेवलंय. आजीची किंवा आईची मसाल्याची वही ज्या घरात जपली जाते तिथे हे पुस्तक लगेच कळतं. आमच्या गटातल्या सगळ्यांनी पूर्ण वाचलेलं हे एकमेव पुस्तक. गोष्ट पुढे खेचते, गावावर कोणतं संकट आलं ते शेवटापर्यंत कळत नाही. माझी तक्रार एकच: वहीवर डोळा ठेवणारा भाचा आणि त्याची बायको फारच सरळसोट वाईट आहेत. ते आले की पुस्तक पातळ होतं.

दोन्हींत निवड करायची तर असं बघा. गोष्ट हवी, जेवणाचा वास हवा, रात्री उशिरापर्यंत पानं उलटायची असतील तर हॅरिस. वाक्यं हवी असतील, पुन्हा परत जाऊन वाचावीशी, तर विंटरसन. लेखन म्हणून मला विंटरसन वरचढ वाटते, त्यात मला शंका नाही. पण भेट म्हणून मी हॅरिस जास्त वेळा दिलंय.

मुलगा, माया आणि मृत्यू ह्यांची दोन पुस्तकं राहिली. त्यातलं ‘माय स्वीट ऑरेंज ट्री’ माझं सगळ्यात आवडतं. झोझे मौरो दि व्हास्कोन्सेलोस ह्या ब्राझीलच्या लेखकाचं, 1968 चं. रिओ द जानेरोचं उपनगर बांगू, बापाचं काम सुटलेलं, आई गिरणीत जाते. झेझे पाच वर्षांचा आहे, कोणी न शिकवता वाचायला शिकलाय आणि दिवसातून दोनदा तरी मार खातो. नव्या घरी गेल्यावर परसातली झाडं भावंडं वाटून घेतात. बहिणीने आंबा घेतला, भावाने चिंच. ह्याच्या वाट्याला उरलं ते संत्र्याचं लहानसं झाड. तो रुसून त्याच्यापाशी बसतो, आणि झाड बोलायला लागतं.

नाताळची सकाळ सांगते, म्हणजे पुस्तकाची जात कळेल. झेझेने भेटवस्तूच्या आशेने रात्री बूट दाराशी ठेवलेत. सकाळी ते रिकामेच. बाप गरीब असणं किती वाईट, असं त्याच्या तोंडून निघून जातं. मान वर करतो तर बाप समोर उभा. बाप एक शब्द बोलत नाही. पोरगं बूटपॉलिशची पेटी घेऊन सणाच्या दिवशी रस्तोरस्ती फिरतं, मिळालेल्या पैशांतून बापासाठी सिगारेटी घेऊन येतं.

हे रडवण्यासाठी लिहिलंय, असा आक्षेप आमच्याकडे एका सेवानिवृत्त शिक्षकांनी घेतला. मला तो पटत नाही. रडवायचंच असतं तर झेझे एवढा द्वाड नसता, आणि मारणारी माणसं एवढी ओळखीची वाटली नसती. बाप वाईट नाही, खचलेला आहे. लेखक स्वतः बांगूतच जन्मला, आणि शेवटच्या प्रकरणात 48 वर्षांचा होऊन तो मागे वळून बोलतो, तिथे कळतं की हे त्याने किती वर्षं सांभाळून ठेवलं होतं. एक इशारा मात्र देते. मुखपृष्ठ बघून दहा वर्षांच्या मुलाला देऊ नका. पट्ट्याने मारण्याचा प्रसंग मोठ्यांनाही सोसत नाही, आणि शेवटाकडे एक मृत्यू आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने वाचावं, जमलं तर घरातल्या कोणाबरोबर.

त्याच वयाच्या मुलांना योस्टाइन गार्डरचं ‘द ऑरेंज गर्ल’ (2003) जास्त सोपं जाईल. नॉर्वेतला पंधरा वर्षांचा गेऑर्ग. वडील जाऊन अकरा वर्षं झालीत, आणि त्याच्या लहानपणीच्या बाबागाडीच्या अस्तरात वडिलांनी लपवलेलं पत्र सापडतं. पत्रात वडील आपल्या तरुणपणीची गोष्ट सांगतात: ऑस्लोच्या ट्राममध्ये एक मुलगी, हातात संत्र्यांनी गच्च भरलेली कागदी पिशवी, हे मदतीला धावतात आणि सगळी संत्री गडगडत खाली. ती कोण, एवढी संत्री कशाला, ह्या शोधात पुस्तकाचा मोठा भाग जातो. मला तो जरा लांबलेला वाटला. तर्कांवर तर्क, आणि उत्तर वाचकाला आधीच दिसू लागतं. पण गटातल्या एकीचे वडील ती पहिलीत असताना गेले. ती त्या बैठकीत काहीच बोलली नाही. नंतर कळलं की सहांपैकी विकत घेतलेलं पुस्तक तिने एवढंच. वडील शेवटी मुलाला एक प्रश्न विचारतात, सगळं सोडून जावं लागणार हे आधी माहीत असतं तर जन्म घेतला असतास का, आणि उत्तर त्याच्यावर सोपवतात. त्या प्रश्नासाठी लांबलेली पानं मी माफ केली.

ज्यांना कादंबरी नको त्यांच्यासाठी जॉन मॅक्फीचं ‘ऑरेंजेस’, 1967 चं, जेमतेम दीडशे पानांचं. ह्यात फक्त संत्रं आहे: फ्लोरिडाच्या बागा, कलमं, रसाचे कारखाने, इतिहास. आपल्या ‘नारंग’ शब्दाने इराण आणि अरबस्तानातून युरोपात कसा प्रवास केला तेही. फळाची देठाकडची अर्धी बाजू कमी गोड आणि खालची जास्त, असं तो लिहितो. आम्ही बैठकीतच संत्रं आडवं कापून पाहिलं, खरं निघालं. काटोलकडे बाग असलेल्या आमच्या मित्राने हे एका दिवसात वाचलं. रात्री गारवा आल्याशिवाय सालीला रंग चढत नाही हे वाचून तो म्हणाला, हे आमच्या आजोबांना माहीत होतं. कारखान्यांची माहिती अर्थात जुनी झालीये, आणि शेतीत रस नसेल तर मधली पानं जड जातील.

वेळ अर्ध्या तासाचाच असेल तर घसान कनफानी ह्या पॅलेस्टिनी लेखकाची ‘दुःखी संत्र्यांची भूमी’ ही कथा शोधा. 1948 साली घर सोडून निघालेलं कुटुंब सीमेजवळ थांबतं, रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून संत्री घेतं, आणि मोठी माणसं ती हातात धरून रडायला लागतात. गेलेल्या बागांबद्दल एवढं कमी शब्दांत लिहिलेलं मी दुसरं वाचलेलं नाही.

मागच्या महिन्यात पुण्याच्या मैत्रिणीने विचारलं तेव्हा मी ताबडतोब झेझेचं नाव घेतलं. मग आठवलं, ती रोज कंपनीच्या बसमध्ये वाचते. डबडबलेल्या डोळ्यांनी कामावर उतरायला नको, म्हणून बरोबर हॅरिसही पाठवलं. परवा तिचा फोन आला. हॅरिस संपलंय, आईची पाककृतींची वही माळ्यावरून काढलीये, आणि झेझे रविवारसाठी ठेवलाय.