काउन्सिलची होम केअर : केअरर गुणी, हिशोब अन्यायाचा (५ पैकी २ स्टार)

सासूबाई ८४ वर्षांच्या, इंग्लंडमध्ये येऊन पन्नासच्या वर वर्षं झाली, एकट्याच राहतात. बाथरूममध्ये पडल्या तेव्हापासून काउन्सिलची (इथल्या स्थानिक पालिकेची) होम केअर, म्हणजे घरी येऊन काळजी घेणाऱ्या केअररची सेवा, चालू आहे, पहिले सहा आठवडे फुकट होते, मग असेसमेंट (उत्पन्न आणि बचतीची तपासणी) झालं आणि आठवड्याला ६८ पौंड भरा असं पत्र आलं.

पैसे द्यायचेच नाहीत असं आमचं म्हणणं अजिबात नाही. पण हिशोब बघा. सेव्हिंग्ज २३,२५० पौंडांच्या वर असतील तर सगळा खर्च तुमचा, १४,२५० पर्यंत असतील तर त्याला हात लावत नाहीत, आणि मधे असाल तर १४,२५० च्या वरच्या दर २५० मागे आठवड्याला १ पौंड तुमचं उत्पन्न धरतात. आईंचे (सासूबाईंचे) आहेत १९,०००, म्हणजे आठवड्याला १९, वर्षाला ९८८ पौंड, आणि ते सुद्धा वरच्या फक्त ४,७५० वर! वीस टक्क्यांच्या वर झालं हे, एवढं व्याज कुठली बँक देते हो? आणि या मर्यादा २०१० पासून आहेत तिथेच आहेत, महागाई कुठच्या कुठे गेली. तिकडे स्कॉटलंडमध्ये पासष्टीपुढच्यांना पर्सनल केअर (अंघोळ, कपडे वगैरेची मदत) २००२ पासून फुकट आहे, आणि इंग्लंडमध्येही लंडनमधल्या हॅमरस्मिथ अँड फुलहॅम काउन्सिलने होम केअरचे पैसे घेणं बंद केलंय, म्हणजे काउन्सिलने मनावर घेतलं तर जमतं.

आई एक आठवडा हॉस्पिटलमध्ये होत्या, कोणी घरी आलं नाही तरी त्या आठवड्याचं बिल आलं, तीन फोन केले तेव्हा कमी झालं.

केअररबद्दल मात्र एक शब्द वाईट बोलणार नाही. सकाळची मुलगी आधी हीटर लावते, खोली गरम झाल्याशिवाय आईंचं पांघरूण काढत नाही.

अजून एक, घरी कोणाचं असेसमेंट असेल तर आजारपणामुळे होणारा जास्तीचा खर्च नक्की सांगा, आम्हाला पहिल्यांदा कोणी विचारलंच नाही. आईंच्या चादरी रोज धुवाव्या लागतात, हीटिंग दिवसभर चालू, ती बिलं आणि पावत्या दाखवून परत असेसमेंट करून घेतलं आणि ६८ चे ५१ झाले. राहतं घर होम केअरसाठी धरत नाहीत, त्याला घाबरू नका.

ते १९ पौंड मात्र अजून तसेच जातात. कपड्यांच्या फॅक्टरीत मशीनवर बसून साठवलेले पैसे आहेत ते, आई दर महिन्याला पासबुक मागून घेतात आणि किती उरले ते बोटाने वाचतात.