वारस द्यायचा की बायकोला लांब ठेवायचं: फिलिप आणि फ्रेडरिक

दोघांनाही बायकांमध्ये फारसा इंटरेस्ट नव्हता आणि लग्न दोघांनाही करावंच लागलं, पण पुढे काय केलं त्यात जमीन अस्मानाचा फरक.

फिलिप म्हणजे फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा धाकटा भाऊ. शेव्हालिए द लोरेन हा त्याचा प्रियकर आणि हे अख्ख्या दरबाराला माहीत. तरी दोन लग्नं झाली आणि दोन्हींतून मुलं झाली. दुसरी बायको लिझलॉट जाम फटकळ, तिने पत्रांत लिहून ठेवलंय की हा पलंगावर जपमाळ घेऊन यायचा, त्या माळेला पवित्र पदकं लटकवलेली आणि पांघरुणाखाली त्यांचा खुळखुळाट! 1676 ला मुलगी झाली आणि मग दोघांनी राजीखुशीने पलंग वेगळे केले. त्या मुलीची नात म्हणजे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत, बोला आता.

प्रशिया या जर्मन राज्याचा युवराज फ्रेडरिक मात्र वेगळाच. 1730 मध्ये बापाच्या जाचाला कंटाळून पळायला निघाला तर पकडला गेला आणि बापाने त्याच्या जिवलग मित्राचं, काटेचं, मुंडकं उडवलं. 1733 ला लग्न लावलं तेही बापानेच. 1740 मध्ये राजा झाल्यावर याने बायकोला शोनहाउझेनच्या महालात ठेवलं आणि स्वतः पोट्सडामला राहिला, मूलबाळ नाहीच, 1786 ला गादी पुतण्याकडे गेली.

मला विचाराल तर फिलिपचा मार्ग बरा, निदान लिझलॉटशी बोलणंचालणं तरी होतं. फ्रेडरिकला भाऊ होते म्हणून निभावलं, पण त्याच्या बायकोचा काय दोष होता?